चीनमधल्या नदीकाठच्या संत्र्याच्या गावांबद्दल कोणाला माहिती आहे का? (झिग्वेई काउंटी)

संत्रावाला_मोर्शी

नमस्कार मंडळी. मी मोर्शीकडचा, घरी संत्र्याची बाग आहे, बाबा आणि मी मिळून पाहतो. परवा रात्री मोबाईलवर एक व्हिडिओ आला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जाऊनच नाही राहिला. चीनमधली मोठी नदी, दोन्ही बाजूला भिंतीसारखे उभे डोंगर, अन् त्या डोंगरावर अगदी पाण्याच्या काठापासून पार वरपर्यंत संत्र्याची झाडं. सपाट जागा शोधून सापडत नाही. माल खाली रस्त्यावर आणायला एकच रूळ टाकलेला, त्यावर छोटी इंजिनवाली गाडी क्रेट घेऊन जवळजवळ उभीच उतरते, आणि एका ठिकाणी तर मोठ्या ड्रोनला दोरी बांधून क्रेट लटकवून नेत होते. खाली नाव होतं झिग्वेई काउंटी, हुबेई प्रांत.

आता माझे प्रश्न. एक, काउंटी म्हणजे आपला जिल्हा की तालुका? दुसरं, एवढ्या उतारावर बाग लावायची वेळ का आली, खाली नदीकाठाला चांगली गाळाची जमीन नसते का? तिसरं, व्हिडिओत नदी तलावासारखी रुंद आणि शांत दिसत होती, झऱ्या-डोंगरातली नदी अशी कशी? अन् शेवटचं म्हणजे तिथल्या माणसाचं यावर भागतं का? गूगलवर शोधलं तर सगळं टुरिस्ट लोकांसाठी लिहिलेलं सापडते, शेतकऱ्यासाठी काही नाही. कोणी तिकडं राहिलं असेल तर सांगा, घाई नाही.

डॉक्टर_यिचांग

भाऊ, बरोबर माणसापर्यंत पोचलात, मी एमबीबीएस हुबेईतल्या यिचांग शहरात केलं आणि झिग्वेई यिचांगच्याच हद्दीत येतं. माझ्या वर्गातला एक मुलगा तिथला होता, त्याच्या घरी मी दोनदा जाऊन राहिलोय, एकदा मार्चच्या शेवटी आणि एकदा डिसेंबरात.

काउंटीचं सांगतो. प्रांताच्या खाली त्यांच्याकडं 'शहर' असतं, पण नावालाच शहर, त्यात शेकडो खेडी असतात, तो आपला जिल्हा समजा. त्या शहराखाली शियान, म्हणजे काउंटी. आकारानं आणि जागेनं तालुक्याजवळ जाते पण अधिकार तालुक्यापेक्षा बरेच जास्त. झिग्वेईचं क्षेत्रफळ २४२७ चौरस किलोमीटर, लोकवस्ती तीन-साडेतीन लाख, त्यातले पुष्कळ लोक वर्षातले दहा महिने बाहेरगावी कामाला.

आता तुमचा दुसरा आणि तिसरा प्रश्न, खरं तर हा एकच प्रश्न आहे. खाली चांगली जमीन होती हो. ती पाण्याखाली गेली. तुम्ही व्हिडिओत पाहिलेली ती नदी म्हणजे यांगत्सी, पण तिथं ती आता नदी राहिलेली नाही, थ्री गॉर्जेस धरणाचा फुगवटा आहे. धरणाचं काम डिसेंबर १९९४ मध्ये सुरू झालं, जून २००३ मध्ये पाणी १३५ मीटरपर्यंत चढवलं, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये पहिल्यांदा पूर्ण १७५ मीटरला आलं. झिग्वेई धरणाच्या अगदी डोक्यावर आहे, काउंटीचं नवीन ठाणं, म्हणजे मुख्य गाव, माओपिंग तर असं बसलंय की त्याच्या काठावर उभं राहिलं की धरणाची भिंत समोर दिसते. जुनं ठाणं वेगळं होतं, वर ३०-४० किलोमीटरवर, तटबंदीचं गाव, ते अख्खंच्या अख्खं गेलं. म्हणजे घरं, शाळा, दवाखाना, बाजारपेठ, कचेऱ्या सगळं उचलून नवीन जागी. माझ्या मित्राचे वडील त्या जुन्या गावच्या शाळेत शिकलेले, ते मला नदीकडं बोट करून सांगायचे की तिथं आमचं मैदान होतं, आणि मला पाणीच दिसायचं.

मग माणसं वर चढली. ज्यांना लांब पाठवलं नाही, त्याच डोंगरावर वर सरकवलं, त्याला चिनीत 'हौखाओ' म्हणतात, म्हणजे मागं टेकणं, मागं रेलणं. पाणी पुढून आलं की तुम्ही मागं रेलायचं, आणि मागं काय तर डोंगर. उतार इतका की पायऱ्या खणल्याशिवाय झाड लागत नाही. त्यात १९९८ च्या मोठ्या पुरानंतर सरकारनं २५ अंशांपेक्षा जास्त उतारावर नांगरट बंद करून तिथं झाडं लावायचं धोरण आणलं, त्यामुळं मका-बटाटा-रताळी गेली आणि संत्रं आलं. संत्रं तिथं आधीही होतं, शेकडो वर्षांपासून, पण डोंगरभर पसरलं ते यानंतर.

तुम्ही शेतकरी म्हणून अजून एक सांगतो, मला हे ऐकून अंगावर काटा आला होता. पाणी चढायच्या आधी आणि नंतरच्या काही वर्षांत बुडणाऱ्या भागातली वरची काळी सुपीक माती खरवडून, ट्रकनं, टोपल्यांनी, पाठीवरच्या बांबूच्या कणग्यांनी डोंगरावर नेली आणि दगडी पायऱ्यांत भरली. सरकारी कार्यक्रमच होता तो. म्हणजे आज जी झाडं वर दिसतात त्यातल्या कितीतरी झाडांच्या मुळाशी खालची, बुडालेल्या शेतातली माती आहे.

कोयनाकाठ

डॉक्टरसाहेब, ते मैदानाचं वाचून थांबलो. आमचं मूळ गाव जावळीत, शिवसागरात गेलं. आजोबांना रायगडकडं जमीन दाखवली, तीही पूर्ण मिळाली नाही, कागद अजून घरात पेटीत आहेत, कुठल्या कचेरीचं नाव काढत नाही. आजी मरेपर्यंत उन्हाळ्यात पाणी उतरलं का म्हणून विचारायची, देवळाचा दगड दिसतो का म्हणून.

म्हणून विचारतो, तिथं किती माणसं उठवली आणि त्यांना काय मिळालं? आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या जमिनीत पेरतात का, आपल्याकडं उजनीत गाळपेर करतात तसं?

डॉक्टर_यिचांग

कोयनाकाठ, सगळ्या धरणक्षेत्रात मिळून १३ लाखांच्या आसपास माणसं हलवली. बहुतेक जवळच, पण दीड लाखाच्या वर माणसं दुसऱ्या प्रांतांत गेली, शांघायजवळच्या छोंगमिंग बेटावर, ग्वांगडोंगला, च्यांगसूला. विचार करा, उभ्या डोंगरातला माणूस, ज्याची बोली वेगळी, तिखट खाणारा, त्याला समुद्राजवळच्या सपाट बेटावर नेऊन सोडलं. काही परत आले. परत आलेल्याला गावात ना जमीन ना नोंद. त्यांच्याकडं हुकोऊ म्हणून कुटुंबाची नोंदवही असते, तुमची नोंद जिथं तिथंच तुमचा जमिनीवरचा हक्क, शाळा, दवाखान्याच्या सवलती. शेतजमीन कोणाच्याच मालकीची नसते, गावाच्या सामूहिक मालकीची, कुटुंबाला करारानं कसायला मिळते. त्यामुळं 'माझी वडिलोपार्जित जमीन' असा दावा सांगायची सोयच नाही, भरपाई ठरली ती घराची, झाडांची, कराराच्या जमिनीची. नवीन घरं जुन्यापेक्षा पक्की आहेत, रस्ता दारात आलाय, हे तिथले लोक स्वतः सांगतात, आणि त्याच दमात जुन्या गावाबद्दल तासभर बोलतात. दोन्ही खरं आहे.

गाळपेरीचं तुम्ही नेमकं विचारलंत. तिथं पाण्याचं चक्र उलटं आहे. आपल्याकडं पावसाळ्यात धरण भरून घेतात आणि उन्हाळ्यात रिकामं होतं. तिथं पूर येतो तो जून ते सप्टेंबरात, म्हणून पुरासाठी जागा हवी म्हणून जूनच्या आत पाणी १४५ मीटरला उतरवतात, आणि पूर सरला की शरदात परत १७५ ला नेऊन हिवाळाभर वीज काढतात. ही मधली मोकळी जागा म्हणजे २२ अब्ज घनमीटर, आपल्या कोयनेच्या १०५ टीएमसीच्या सातपट, आणि ती नुसती पुरासाठी रिकामी ठेवायची. त्यामुळं तिथल्या ऐन उन्हाळ्यात, पिकाच्या दिवसात, काठावर ३० मीटर उंचीचा तपकिरी पट्टा उघडा पडतो. लोक पूर्वी त्यात मका, भाजी टाकायचे, आता खतं-औषधं सरळ पाण्यात उतरतात म्हणून मनाई आहे. त्या पट्ट्यात झाडं टिकत नाहीत, अर्धं वर्ष पाण्याखाली, अर्धं उन्हात. लांबून बघितलं तर डोंगराला बांधलेल्या पट्ट्यासारखं दिसतं.

आणि पाणी असं चढ-उतार करतं तेव्हा डोंगर सरकतात. दरडी तिथं धरणाच्या आधीही होत्याच. जून १९८५ मध्ये झिग्वेईतलंच शिनथान नावाचं गाव पहाटे नदीत गेलं, पण भेगांवर आधीपासून लक्ष ठेवलेलं होतं आणि १३७१ माणसं वेळेत हलवली होती, गावात एकही गेलं नाही. याचा तिथल्या लोकांना केवढा अभिमान. पण जुलै २००३ मध्ये, पाणी १३५ ला आल्यावर साधारण महिन्याभरानं, छ्येनच्यांगफिंगला एका उपनदीच्या काठी अख्खी टेकडी घसरली, कारखाने, घरं घेऊन. २४ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. माझ्या मित्राच्या घरामागं भिंतीवर मोजपट्टी लावलेली होती, भेग वाढते का ते बघायला कोणीतरी येऊन नोंद करून जायचं. त्याच्या आईला त्याचं काही वाटायचं नाही, मी मात्र पहिल्या रात्री झोपलो नाही.

संत्रावाला_मोर्शी

डॉक्टर, खूप खूप आभार. मातीचं वाचून बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं, ते काही बोलले नाही, नुसते बसून राहिले.

मला बागेचं अजून सांगा ना. जात कोणती? आमची नागपुरी तर ढिल्या सालीची, ही वेगळी दिसते. आणि आंबिया-मृग असं बहाराचं काही आहे का तिकडं? भाव कसा ठरतो? व्यापारी येतो का बागेत? इकडं मार्केटला गाडी नेली की आपलं नशीब.

पुणेकर_चोंगछिंग

डॉक्टरांच्या आधी मी घुसतो. मी सहा वर्षं चोंगछिंगला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत होतो, नदीच्या वरच्या बाजूला. ही सगळी नदीकाठची काउंट्यांची माळ आहे हो, एकट्या झिग्वेईचं असं नाही. वरून खाली या, फूलिंगला मोहरीच्या जातीच्या गाठींचं खारवलेलं तिखट लोणचं, चाचाय, चीनभर पाकिटात विकलं जातं. पार खाली, फेंगज्येच्याही पुढं, वूशानला कुरकुरीत आलुबुखार. फेंगज्येला परत संत्री, आणि तिथला नदीचा दरवाजा, ख्वेमेन, चीनच्या १० युआनच्या नोटेवर मागच्या बाजूला छापलाय, खिशातली नोट काढून समोर धरायची आणि मागचा डोंगर जुळवून फोटो काढायचा, प्रत्येक पर्यटक हेच करतो, मीही केलं. प्रत्येक काउंटीनं आपलं एक फळ नाहीतर एक पदार्थ धरून ठेवलाय आणि त्याच्यावर अख्ख्या काउंटीची पाटी रंगवलेली.

भावाचं विचारलंत. आता बराचसा माल मोबाईलवर विकला जातो. गावातल्या पोरीबाळी झाडाखाली उभं राहून लाइव्ह करतात, फळ कापून दाखवतात, ऑर्डर आली की पाच किलोचा खोका तिथंच भरून कुरिअरला. कुरिअर गावापर्यंत येतं ही खरी गोष्ट आहे, व्हिडिओ तर आपल्याकडंही कोणी काढेल पण खोका तिसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाच्या शहरात ताजा पोचवणारी यंत्रणा पाहिजे. व्यापारी येतातच, ते संपले नाहीत, पण शेतकऱ्याच्या हातात दुसरा रस्ता असला की व्यापारी नीट बोलतो.

आणि झिग्वेईचा अजून एक धंदा कोणाच्या लक्षात येत नाही. धरणाला जहाजांसाठी पाच टप्प्यांचं लॉक आहे, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणारे हौद, आणि २०१६ पासून जहाज उचलणारी लिफ्टही, ३००० टनांचं जहाज ११३ मीटरपर्यंत वर-खाली. पण वाहतूक इतकी वाढलीय की रांग लागते, दिवसचे दिवस. म्हणून कितीतरी माल माओपिंगच्या बंदरात उतरवून ट्रकनं धरणाला वळसा घालून खाली परत बोटीत चढवतात. हमाल, ट्रकवाले, खानावळी, टायरवाले, सगळं त्या वळशावर उभं राहिलंय.

डॉक्टर_यिचांग

पुणेकर बरोबर. जातीचं मी सांगतो. ती नाभीची संत्री, खाली बेंबी असलेली, घट्ट सालीची, चाकूनं कापून खायची, नागपुरीशी चुलत नातं समजा. लागवड सगळी मिळून चार लाख मूच्या आसपास. एक मू म्हणजे आपले साडेसहा गुंठे, म्हणजे साठ-पासष्ट हजार एकर, तेही त्या उतारावर. डोंगराचे थर ठरलेले आहेत, खाली पाण्याजवळ संत्रं, त्याच्या वर चहा आणि चेस्टनट, अजून वर थंडीत तंबाखू, बटाटा, भाजी. संत्रं वर जात नाही कारण दंव मारतं. फुगवट्याच्या एवढ्या मोठ्या पाण्यानं हिवाळा थोडा उबदार राहतो, म्हणून फळ थंडीतही झाडावर टिकतं, हा धरणाचा फायदा तिथला शेतकरी मान्य करतो.

बहाराचं आपल्यासारखं ताण देऊन वगैरे नाही. त्यांनी वेगवेगळ्या जाती लावून वर्ष भरून काढलंय. एक शरदात येते, मधली मुख्य डिसेंबरच्या आसपास, एक उशिराची मार्च ते मे, आणि मग उन्हाळी संत्रं. त्यामुळं बाराही महिने कुठलं ना कुठलं फळ तोडायला असतं, मजुराला काम राहतं आणि सगळा माल एकदम बाजारात पडून भाव कोसळत नाही. मार्चच्या शेवटी मी गेलो तेव्हा उशिराच्या जातीच्या झाडावर एका फांदीला पिवळीजर्द फळं आणि त्याच फांदीला पांढरी फुलं. वास एवढा की बसच्या खिडकीतून आत यायचा.

पण भाऊ, बागेत काम करणारे मी पाहिले ते बहुतेक साठीचे. माझा मित्र आज वुहानला आहे, त्याची बहीण ग्वांगडोंगला. रुळावरची गाडी आणि ड्रोन आले ते हौस म्हणून नाही, ७०-८० किलो पाठीवर घेऊन तो उतार उतरणारी पाठ आता गावात शिल्लक नाही म्हणून आले.

वाचनवेडी

इतकं छान वाचायला मिळतंय, मला शेतीतलं कळत नाही पण या गावाचं दुसरं एक अंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. झिग्वेई हे छ्यू युआनचं गाव. इसवीसनापूर्वी तिसऱ्या-चौथ्या शतकातला कवी, छू राज्याचा मंत्री, राजानं हद्दपार केलं, आणि राजधानी शत्रूच्या हातात गेल्यावर त्यानं मिलुओ नदीत जीव दिला. लोक होड्या घेऊन शोधायला धावले, माशांनी त्याला खाऊ नये म्हणून पाण्यात भात टाकला, त्यातून पाचव्या चांद्रमासाच्या पंचमीचा ड्रॅगन बोटींचा सण आला अशी गोष्ट आहे. २००९ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. बाकीचा चीन हा सण एकदा करतो, झिग्वेईत तीनदा, पंचमीला, मग पंधराव्या दिवशी आणि मग पंचविसाव्या. मिलुओ नदी खाली हुनान प्रांतात, पण झिग्वेईकरांचं म्हणणं की एका मोठ्या माशानं त्याचा देह पोटात घेऊन उलट्या प्रवाहानं घरी आणून सोडला.

पानात बांधलेला भात, चोंगत्सी, तिथं पांढराशुभ्र करतात आणि मधे एकच लाल खजुरासारखं फळ ठेवतात. त्याचं त्यांच्या बोलीत एक बोलणं आहे, अर्थ साधारण असा की त्याला धारही आहे आणि कोपरेही, आत काळीजही आहे, अंग शुभ्र आणि अर्धा जन्म उकळण्यात गेला. खाण्याचा पदार्थ आणि माणूस एकाच वाक्यात.

आणि ते पक्ष्याचं! 'झिग्वेई' हे चिनीत कोकिळेच्या जातीतल्या एका पक्ष्याचंही नाव, उच्चार गावाच्या नावासारखाच. तिथल्या गोष्टीत कवीची बहीण रडून रडून पक्षी झाली आणि उन्हाळ्याच्या तोंडाला ओरडत फिरते, 'वो ग ह्वेई यो', माझ्या दादा, परत ये. आपल्याला पावशा 'पेरते व्हा' म्हणतो असं ऐकू येतं ना, त्याच घराण्यातला पक्षी, आणि तिथं त्यांना हे ऐकू येतं. गावाच्या नावाचा अर्थही काही जण 'बहीण परतली' असाच लावतात. ज्या गावातून इतकी माणसं उठली तिथं हे ऐकताना कसं वाटत असेल.

आणि शेवटची गोष्ट संत्रावाले दादांसाठी. छ्यू युआनच्या नावावर संत्र्याच्या झाडाची एक स्तुती आहे, तरुणपणी लिहिलेली मानतात. त्यात झाडाचा सगळ्यात मोठा गुण काय सांगितलाय, तर ते दक्षिणेच्या मातीत रुजतं आणि तिथून हलत नाही. त्याच कवीचं देऊळ दोनदा हलवावं लागलं, एकदा खालच्या गेझोबा धरणासाठी आणि मग या मोठ्या धरणासाठी. आता ते माओपिंगजवळ टेकडीवर आहे.

कोयनाकाठ

वाचनवेडीताई, ते पक्ष्याचं आजीला सांगायला हवं होतं.

डॉक्टर, एक राहिलं. मासेमारी करणारे असतील ना तिथं, त्यांचं काय झालं? आमच्याकडं धरणग्रस्तांतले काही जण मासेमारीवर आले.

डॉक्टर_यिचांग

त्यांचं वेगळंच. १ जानेवारी २०२१ पासून यांगत्सीवर दहा वर्षांची मासेमारी बंदी आहे. नदीत मासाच उरला नव्हता, चिनी पॅडलफिश तर २०२२ मध्ये नामशेष म्हणून जाहीर झाला. होड्या सरकारनं पैसे देऊन जमा करून घेतल्या, माणसांना दुसरी कामं. त्याच्याही आधी या घाटीत नाव ओढणारे असायचे, बांबूच्या दोरानं प्रवाहाविरुद्ध काठावरून नाव खेचत न्यायची, काठाच्या खडकात दोरांच्या खाचा पडलेल्या होत्या. त्यांच्यात म्हण होती, छिंगथान आणि श्येथान हे काही खळाळ नव्हेत, खोंगलिंग हा खरा यमाचा दरवाजा. तिन्ही जागा झिग्वेईच्याच टापूत. आज तिन्हींवर कित्येक मीटर शांत पाणी आहे, क्रूझवाले लोक वरून चहा पीत जातात. माझ्या मित्राचे आजोबा लहानपणी वडिलांबरोबर दोर ओढायला गेलेले, त्यांना त्या ओढणाऱ्यांची हाळी येत होती. डिसेंबरात शेकोटीपाशी त्यांनी म्हणून दाखवली, एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी झेलायची अशी, आणि झेलायला कोणी नाही म्हणून दोन्ही भाग स्वतःच म्हणत होते.

संत्रावाला_मोर्शी

सगळ्यांचे आभार. बाबा विचारतात की उशिराच्या जातीची फळं मार्च-मेपर्यंत झाडावर ठेवतात तर गळ होत नाही का, थंडीत प्रत्येक फळाला पिशवी बांधतात का? अन् तो एक रूळवाला गाडीचा खर्च एक शेतकरी करतो की चार-पाच जण मिळून? डॉक्टर, तुमचा तो मित्र फोनवर असेल तर त्याच्या घरी विचारून सांगा ना, आम्ही थांबतो.

डॉक्टर_यिचांग

पिशवी बांधलेली पाहिली मी, आणि काही बागांत अख्ख्या झाडावर पातळ प्लास्टिक टाकलेलं. रूळ शेजारच्या तीन-चार घरांच्या बागांतून एकच जात होता. खर्चाचं आज रात्री त्याच्या आईला व्हिडिओ कॉल करून विचारतो, तिला कोणी बागेचं विचारलं की फार आवडतं.